ड्रेफस प्रकरण : एका चुकीच्या निकालाची बारा वर्षे

फ्रान्सच्या इतिहासातील थोर व्यक्तींची नावे काढली, की नेपोलियन, रूसो, व्हॉल्तेर ही नावे आपल्यापुढे सहज येतात. आल्फ्रेड ड्रेफस यांचे नाव त्या रांगेत बसत नाही. ते सेनापती नव्हते, ग्रंथकार नव्हते, कोणत्याही चळवळीचे नेतेही नव्हते. ते फ्रेंच तोफखान्यातील एक कॅप्टन होते. तरीही १८९४ ते १९०६ या बारा वर्षांत त्यांच्यावरील खटल्याने फ्रान्सची मंत्रिमंडळे हादरली, कुटुंबे दुभंगली आणि आधुनिक फ्रान्सचा राजकीय स्वभाव घडला.

जर्मनीला लष्करी गुपिते विकल्याचा आरोप ठेवून ड्रेफस यांना जन्मभराची हद्दपारी सुनावण्यात आली. ते निर्दोष होते. न्यायदानात चूक होणे ही गोष्ट कोणत्याही देशात संभवते. ड्रेफस प्रकरणाचे वेगळेपण त्यानंतरच्या घटनांत आहे. निकालानंतर दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच ही चूक खुद्द लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुखाला पुराव्यानिशी कळली होती. पुढील दहा वर्षे, ती चूक मान्य केल्यास लष्कराची प्रतिष्ठा जाईल, या भीतीशी झगडण्यात गेली. म्हणूनच या प्रकरणाचा अभ्यास आजही इतिहासाइतकाच न्यायशास्त्राचे आणि पत्रकारितेचे विद्यार्थी करतात.

पराभवाची छाया

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला आणि आल्सास व लोरेनचा काही भाग नव्या जर्मन साम्राज्यात गेला. हा पराभव फ्रेंच समाजाच्या जिव्हारी लागला होता. गेलेला प्रदेश परत मिळवण्याची आशा लष्करावर केंद्रित झाली आणि लष्कर ही टीकेच्या पलीकडची, जवळजवळ पूजनीय संस्था बनली. त्याच वेळी आपल्यातच कोणी फितूर आहेत, हा संशयही समाजात मुरत गेला.

या संशयाला दिशा देणारे लोक होतेच. एदुआर द्रुमाँ यांनी १८८६ मध्ये ‘ज्यूंचा फ्रान्स’ या अर्थाच्या नावाचे एक जाडजूड पुस्तक लिहिले. देशाच्या सर्व दुरवस्थेचे खापर ज्यू समाजावर फोडणाऱ्या या पुस्तकाचा प्रचंड खप झाला. त्यानंतर त्यांनी ‘ला लिब्र पारोल’ हे दैनिक काढले आणि लष्करातील ज्यू अधिकाऱ्यांविरुद्ध मोहीम चालवली. फ्रान्समध्ये त्या काळी ज्यूंची संख्या सुमारे ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने नगण्य होती. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ मध्येच त्यांना समान नागरिकत्व दिले होते. परंतु कायद्याने दिलेली समानता समाजाच्या मनात उतरलेली नव्हती.

आल्फ्रेड ड्रेफस यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५९ रोजी आल्सासमधील म्युलूझ येथे झाला. त्यांच्या घराण्याच्या मालकीची कापड गिरणी होती. आल्सास जर्मनीकडे गेल्यावर या कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व निवडले. लहानपणी पाहिलेल्या त्या पराभवामुळेच आल्फ्रेड सैन्याकडे वळले. ‘एकोल पोलितेक्निक’ या नामांकित संस्थेतून ते तोफखान्यात गेले आणि पुढे सेना मुख्यालयात प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून रुजू झाले. पत्नी ल्युसी, दोन लहान मुले आणि घरची सुबत्ता असलेला हा माणूस मितभाषी, काहीसा अलिप्त आणि अतिशय देशनिष्ठ होता.

टोपलीतला कागद

पॅरिसच्या जर्मन दूतावासात साफसफाई करणारी मारी बास्तियाँ ही स्त्री फ्रेंच गुप्तवार्ता विभागासाठी काम करीत असे. लष्करी प्रतिनिधी श्वार्ट्झकोपेन यांच्या कचऱ्याच्या टोपलीतील कागद ती गोळा करून आणी. सप्टेंबर १८९४ मध्ये याच मार्गाने एक निनावी चिठ्ठी फ्रेंचांच्या हाती लागली. सोबत पाठवलेल्या पाच लष्करी कागदपत्रांची ती यादी होती. इतिहासात ती ‘बोर्दरो’ या फ्रेंच शब्दानेच ओळखली जाते. तोफांची माहिती तीत असल्याने लेखक तोफखान्यातला असावा आणि विषयांची विविधता पाहता तो सेना मुख्यालयातील प्रशिक्षणार्थी असावा, असा तर्क झाला. त्या यादीतील नावांवर नजर फिरवताना ड्रेफस यांच्या नावाशी ती थांबली. त्यांचे हस्ताक्षर चिठ्ठीतील अक्षरांशी वरवर जुळत होते आणि ते ज्यू होते.

१५ ऑक्टोबर १८९४ रोजी ड्रेफस यांना मुख्यालयात बोलावण्यात आले. मेजर द्यु पाती द क्लाम यांनी बोटाला दुखापत झाल्याची सबब सांगून त्यांना एक पत्र लिहून घ्यायला सांगितले. त्या मजकुरात चिठ्ठीतले शब्द पेरलेले होते. ड्रेफस यांचा हात थरथरला, असे सांगून त्यांना तेथेच अटक झाली. त्यांना आत्महत्या करता यावी म्हणून जवळच पिस्तूल ठेवले होते. ड्रेफस यांनी त्याला हात लावला नाही आणि आपण निर्दोष आहोत, असे सांगितले. त्यानंतर ते बारा वर्षे हेच सांगत राहिले.

हस्ताक्षराच्या तपासणीत पाच तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. बँक ऑफ फ्रान्सचे तज्ज्ञ गोबेर यांनी अक्षर दुसऱ्या कोणाचे असू शकते, असे कळवले. तेव्हा पॅरिस पोलिसांच्या ओळखपरेड विभागाचे प्रमुख आल्फोन्स बेर्तियों यांना पाचारण करण्यात आले. शरीरमापनाने गुन्हेगार ओळखण्याच्या पद्धतीचे ते जनक खरे, पण हस्ताक्षरशास्त्राचे जाणकार नव्हते. अक्षरांतील साम्य हा ड्रेफसविरुद्धचा पुरावा आणि अक्षरांतील फरक हाही त्याच्याविरुद्धचाच पुरावा, कारण त्याने स्वतःच्याच अक्षराची नक्कल करून लिहिले आहे, असा अजब सिद्धांत त्यांनी मांडला.

दरम्यान बातमी ‘ला लिब्र पारोल’च्या हाती लागली. ज्यू अधिकाऱ्याला पाठीशी घातले जात असल्याची हाकाटी सुरू झाल्यावर युद्धमंत्री जनरल मेर्सिए यांना माघार घेणे अवघड झाले. खटला उभा राहण्यापूर्वीच त्यांनी वृत्तपत्रांतून ड्रेफस यांच्या अपराधाची ग्वाही दिली.

बंद दाराआडचा खटला

१९ ते २२ डिसेंबर १८९४ या चार दिवसांत पॅरिसच्या लष्करी न्यायालयात बंद दाराआड खटला चालला. श्रीमंत माणसाने पैशासाठी गुपिते का विकावीत, याचे उत्तर फिर्यादीजवळ नव्हते. चिठ्ठीच्या शेवटी लेखक लष्करी सरावाला निघाल्याचे लिहितो; ड्रेफस त्या वर्षी सरावाला गेलेच नव्हते. पुरावा इतका तोकडा होता, की सुटकेची शक्यता दिसू लागली.

अशा वेळी न्यायाधीश निकालासाठी आत गेले असताना युद्धमंत्र्यांच्या आज्ञेने त्यांच्या हाती एक सीलबंद पाकीट देण्यात आले. त्यातील एका जुन्या पत्रात परकी लष्करी प्रतिनिधीला नकाशे पुरवणाऱ्या ‘डी’ या आद्याक्षराच्या एका क्षुद्र माणसाचा उल्लेख होता. हे ‘डी’ म्हणजे ड्रेफस, असे सुचवण्यात आले. हे कागद आरोपीला किंवा त्याचे वकील एदगार दमाँज यांना दाखवले गेले नाहीत. ज्या पुराव्याला आरोपी उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या आधारे शिक्षा करणे फ्रेंच कायद्यालाही मंजूर नव्हते. सातही न्यायाधीशांनी एकमताने ड्रेफस यांना दोषी ठरवले. पुढील सर्व बनवाबनवीचे मूळ या बेकायदा पाकिटात आहे. ते उघड झाले असते, तर निकालच रद्द ठरला असता.

५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या प्रांगणात ड्रेफस यांच्या गणवेशावरील हुद्द्याची चिन्हे ओरबाडून काढण्यात आली आणि त्यांची तलवार मोडण्यात आली. कुंपणाबाहेरचा जमाव ज्यूंच्या मरणाच्या घोषणा देत होता. आपण निर्दोष असल्याचे ओरडून सांगत आणि फ्रान्सचा जयजयकार करीत ड्रेफस यांनी त्या प्रांगणाला फेरी घातली. व्हिएन्नाच्या एका दैनिकाचे वार्ताहर म्हणून थिओडोर हर्झल तेथे उपस्थित होते. पुढे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीचे ते प्रवर्तक झाले.

एप्रिल १८९५ मध्ये ड्रेफस यांना दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यासमोरील ‘सैतानाचे बेट’ या नावाच्या खडकाळ बेटावर नेण्यात आले. तेथे ते एकटेच कैदी होते. पहारेकऱ्यांना त्यांच्याशी बोलण्याची मनाई होती. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या पलायनाची खोटी बातमी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे दोन महिने रात्री त्यांचे पाय पलंगाला बेड्यांनी जखडले जात. समुद्र दिसू नये म्हणून त्यांच्या झोपडीभोवती उंच कुंपण उभारण्यात आले.

पिकार यांचा शोध

जुलै १८९५ मध्ये गुप्तवार्ता विभागाची सूत्रे झॉर्झ पिकार यांच्याकडे आली. ते आल्सासकडचे, कर्तबगार आणि महत्त्वाकांक्षी अधिकारी होते. ड्रेफस यांच्याविषयी त्यांना जिव्हाळा नव्हता. ज्यूंविषयी त्या काळच्या अधिकारीवर्गात असलेले पूर्वग्रह त्यांच्याही मनात होते. ड्रेफस दोषी आहेत, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

मार्च १८९६ मध्ये त्याच टोपलीतून एक फाटलेले निळे पत्र आले. पॅरिसमध्ये हवेच्या दाबाने नळ्यांतून अशी पत्रे पाठवली जात. ते श्वार्ट्झकोपेन यांच्याकडून फेर्दिनां वाल्सिन एस्टरहाझी या फ्रेंच मेजरला लिहिलेले होते. एस्टरहाझी कर्जात बुडालेला, जुगारी आणि बदलौकिकाचा माणूस होता. पिकार यांनी त्याच्या हस्ताक्षराचे नमुने मिळवले आणि ऑगस्टमध्ये ते ‘बोर्दरो’शेजारी ठेवले. अक्षर एकच होते. मग त्यांनी १८९४ चे गुप्त पाकीट मागवून वाचले. त्यात ड्रेफसविरुद्ध काहीही नव्हते.

त्यांनी वरिष्ठांना, म्हणजे जनरल बोआदेफ्र आणि जनरल गोंझ यांना, ही गोष्ट कळवली. दोन प्रकरणांची गल्लत करू नये, असे त्यांना सांगण्यात आले. पिकार यांच्या पुढील साक्षीनुसार, तो ज्यू त्या बेटावर राहिला तर तुमचे काय बिघडते, असे गोंझ यांनी त्यांना विचारले. तेव्हा हे गुपित मी थडग्यात नेणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. थोड्याच दिवसांत त्यांना पॅरिसमधून हलवण्यात आले आणि पुढे ट्युनिशियाला धाडण्यात आले.

त्यांच्या विभागातील मेजर आंरी याने आता वरिष्ठांना हवा असलेला पुरावा निर्माण केला. इटलीच्या लष्करी प्रतिनिधीच्या एका साध्या पत्राचा मथळा आणि सही ठेवून, मधल्या भागात ड्रेफस यांचे नाव असलेला मजकूर त्याने चिकटवला. नोव्हेंबर १८९६ च्या सुरुवातीला हा बनावट कागद तयार झाला आणि पुढे पावणेदोन वर्षे लष्कराची सर्व भिस्त त्यावर राहिली.

‘मी आरोप करतो’

इकडे ड्रेफस यांचे थोरले बंधू मात्यू आणि पत्नी ल्युसी यांनी लढा सोडलेला नव्हता. नोव्हेंबर १८९६ मध्ये तरुण लेखक बेर्नार लाझार यांनी ड्रेफस यांच्या बाजूने पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच महिन्यात ‘ल मातँ’ या दैनिकाने ‘बोर्दरो’ची छायाप्रत छापली. वर्षभराने शेअर दलालाच्या व्यवसायातील एका गृहस्थाने तिच्यातील अक्षर आपल्या एका अशिलाचे, म्हणजे एस्टरहाझीचे आहे, हे ओळखले आणि मात्यू यांना सांगितले. सिनेटचे उपाध्यक्ष शरर-केस्टनर यांनाही पिकार यांच्या वकील मित्राकडून सत्य कळले होते. मात्यू यांनी नोव्हेंबर १८९७ मध्ये एस्टरहाझीचे नाव जाहीर केले.

लष्कराने एस्टरहाझीवर खटला भरला खरा, पण ११ जानेवारी १८९८ रोजी काही मिनिटांच्या विचारविनिमयानंतर त्याला एकमताने निर्दोष ठरवले. कायद्याचे सर्व मार्ग आता बंद झाल्यासारखे दिसत होते.

दोनच दिवसांनी, १३ जानेवारी १८९८ रोजी, ‘लोरोर’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर कादंबरीकार एमिल झोला यांचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांना लिहिलेले अनावृत पत्र प्रसिद्ध झाले. ‘जाक्यूझ’, म्हणजे ‘मी आरोप करतो’, हा मथळा त्या पत्राला झॉर्झ क्लेमांसो यांनी दिला. त्या दिवशी अंकाच्या सुमारे ३ लाख प्रती छापल्या गेल्या. झोला तेव्हा ५७ वर्षांचे होते, कीर्तीच्या शिखरावर होते आणि ड्रेफस यांना कधीही भेटलेले नव्हते.

या पत्राचे सामर्थ्य त्याच्या शैलीइतकेच त्यामागील योजनेत होते. झोला यांनी सेनापती, चौकशी अधिकारी आणि हस्ताक्षरतज्ज्ञ यांची नावे घेऊन एकेकावर आरोप केले. १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यातील बदनामीची कलमे आपल्याला लागू होतात, हेही त्यांनी पत्रातच लिहिले. आपल्यावर खटला भरावा आणि त्या निमित्ताने सत्य उघड्या न्यायालयात यावे, हा त्यांचा हेतू होता. पत्रातील सगळेच तपशील अचूक नव्हते. द्यु पाती द क्लाम यांना त्यांनी मुख्य सूत्रधार मानले आणि आंरीचे नाव त्यात आलेच नाही, कारण त्याची करणी तेव्हा त्यांना ठाऊक नव्हती. निष्कर्ष मात्र खरा होता.

सरकारने चतुराईने पत्रातील फक्त एस्टरहाझीच्या सुटकेविषयीच्या विधानांवर खटला भरला. ड्रेफसविषयी प्रश्न आला, की न्यायाधीश तो विचारू देत नसत. तरीही फेब्रुवारी १८९८ च्या त्या सुनावणीत बरेच काही बाहेर पडले. झोला यांना एक वर्षाचा कारावास आणि ३ हजार फ्रँक दंड झाला. अपिलानंतर पुन्हा शिक्षा होताच ते जुलैमध्ये इंग्लंडला निघून गेले आणि जून १८९९ पर्यंत तेथे राहिले. या काळात फ्रान्सच्या अनेक शहरांत ज्यूंच्या दुकानांवर हल्ले झाले. अल्जिअर्समध्ये दंगलींत माणसे मारली गेली.

दुभंगलेला देश

झोला यांच्या पत्राच्या दुसऱ्या दिवसापासून खटल्याच्या फेरविचाराची मागणी करणारी पत्रके प्रसिद्ध होऊ लागली. त्यांवर आनातोल फ्रान्स, तरुण मार्सेल प्रूस्त, पाश्चर संस्थेचे संचालक एमिल द्युक्लो आणि कितीतरी प्राध्यापक व शास्त्रज्ञ यांच्या सह्या होत्या. लेखक मोरिस बारेस यांनी या सह्या करणाऱ्यांना हिणवण्यासाठी एक शब्द वापरला, त्याचा अर्थ ‘बुद्धिजीवी’. सार्वजनिक प्रश्नावर आपल्या ज्ञानाची प्रतिष्ठा पणाला लावणारा माणूस, या अर्थाने तो शब्द जगभर रूढ झाला तो याच वादातून. १८९८ मध्येच लुदोव्हिक त्रारिए यांच्या पुढाकाराने मानवी हक्कांच्या संरक्षणासाठी एक संघटना स्थापन झाली; ती आजही कार्यरत आहे.

विरोधी पक्षात केवळ ज्यूद्वेष्टे होते, असे समजणे चुकीचे ठरेल. राष्ट्र संकटात असताना एका व्यक्तीसाठी सैन्याची अप्रतिष्ठा करू नये, असे प्रामाणिकपणे मानणारेही अनेक होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की निरपराध माणसाला डांबून ठेवणाऱ्या राष्ट्राजवळ रक्षण करण्याजोगे काही उरतच नाही. समाजवादी नेते झाँ झोरेस यांना आरंभी हे प्रकरण श्रीमंतांचे आपसातले भांडण वाटले होते. पुढे अन्याय भोगणारा माणूस कोणत्या वर्गाचा आहे, हा प्रश्न गौण ठरवून ते या लढ्यात उतरले आणि १८९८ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुराव्यांची चिरफाड करणारी लेखमाला लिहिली.

दिव्याच्या उजेडात

जुलै १८९८ मध्ये नवे युद्धमंत्री काव्हेन्याक यांनी हे प्रकरण कायमचे मिटवण्यासाठी संसदेत गुप्त कागद वाचून दाखवले. त्यात आंरीने बनवलेले पत्रही होते. सभागृह इतके भारावले, की हे भाषण देशातील प्रत्येक गावी लावण्याचा ठराव झाला. पिकार यांनी त्यातील एक पत्र बनावट असल्याचे जाहीरपणे म्हणताच त्यांना अटक झाली. सुमारे अकरा महिने ते तुरुंगात होते.

काव्हेन्याक यांना स्वतःच्या बाजूविषयी खात्री होती, म्हणूनच त्यांनी सर्व कागदांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश दिला. १३ ऑगस्टच्या रात्री कॅप्टन क्विन्ये यांनी ते पत्र दिव्यासमोर धरले. कागदाच्या तुकड्यांवरील बारीक रेघांचे रंग एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणजे दोन वेगळे कागद जोडलेले होते. क्विन्ये हे ड्रेफस यांना दोषी मानणारे अधिकारी होते, तरी दिसले ते त्यांनी मंत्र्यांना सांगितले. ३० ऑगस्टला आंरीने कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत वस्तऱ्याने गळा चिरून आत्महत्या केली. एस्टरहाझी इंग्लंडला पळाला.

३ जून १८९९ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९४ चा निकाल रद्द करून नव्याने खटला चालवण्यास सांगितले. ड्रेफस यांना परत आणण्यात आले. सव्वाचार वर्षांच्या एकांतवासाने ते अकाली म्हातारे झाले होते आणि बोलताना त्यांना शब्दांसाठी झगडावे लागत होते. आपल्या नावावरून देशात काय रण माजले आहे, याची त्यांना जवळजवळ कल्पनाच नव्हती.

रेन या शहरात ७ ऑगस्टपासून दुसरा लष्करी खटला चालला. १४ ऑगस्टला त्यांचे वकील लाबोरी यांच्यावर गोळी झाडण्यात आली, ते बचावले. खरा अपराधी उघड झालेला, बनावट पुरावा कबूल झालेला, अशा स्थितीत ९ सप्टेंबरला पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रेफस पुन्हा दोषी ठरले. ‘सौम्य ठरवणाऱ्या परिस्थितीमुळे’ शिक्षा दहा वर्षांवर आली. देशद्रोहाला सौम्य परिस्थिती कोणती, हे न्यायालयाने सांगितले नाही. माजी युद्धमंत्री मेर्सिए आणि निर्दोष कॅप्टन यांच्यातून एकाची निवड करताना लष्करी न्यायाधीशांनी सेनापतीला वाचवले, असाच या निकालाचा अर्थ सर्वत्र लावला गेला.

माफी आणि न्याय

पंतप्रधान वाल्देक-रूसो यांना हा वाद संपवायचा होता. १९ सप्टेंबर १८९९ रोजी राष्ट्राध्यक्ष लुबे यांनी ड्रेफस यांना माफी दिली. जो गुन्हा केलाच नाही त्याची माफी स्वीकारावी का, यावर त्यांच्या समर्थकांत तीव्र मतभेद झाले. लढा चालू ठेवावा, असे क्लेमांसो आणि पिकार यांचे मत होते. ड्रेफस यांची प्रकृती आणखी कैद सोसण्याजोगी नव्हती. त्यांनी माफी घेतली, पण अब्रूवाचून स्वातंत्र्याला अर्थ नाही आणि निर्दोषत्वासाठी आपण झगडत राहू, असे लगेच जाहीर केले. डिसेंबर १९०० मध्ये संसदेने सार्वत्रिक माफीचा कायदा करून दोन्ही बाजूंवरील खटले बंद केले. त्यामुळे बनावट पुरावा वापरणारे अधिकारीही सुटले. मेर्सिए तर त्याआधीच सिनेटवर निवडून आले होते.

१९०३ मध्ये झोरेस यांनी संसदेत हा विषय पुन्हा उकरून काढला आणि नवी चौकशी झाली. १२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेनचा निकाल रद्द केला आणि ड्रेफस यांच्याविरुद्ध काहीच शिल्लक राहत नसल्याने फेरखटल्याची गरज नाही, असे ठरवले. दुसऱ्याच दिवशी संसदेने कायदा करून ड्रेफस यांना मेजर आणि पिकार यांना ब्रिगेडियर जनरल केले. ज्या लष्करी विद्यालयात त्यांचा अपमान झाला होता, तेथेच त्या महिन्यात ड्रेफस यांना ‘लेजियों द’ऑनर’ हा सन्मान देण्यात आला.

झोला हे पाहण्यास हयात नव्हते. सप्टेंबर १९०२ मध्ये धुराड्यातून आलेल्या विषारी वायूने त्यांचा झोपेत मृत्यू झाला होता. १९०८ मध्ये त्यांच्या अस्थी पँथिऑनमध्ये नेल्या जात असताना एका पत्रकाराने ड्रेफस यांच्यावर गोळ्या झाडल्या. ड्रेफस यांच्या दंडाला जखम झाली; हल्लेखोर मात्र न्यायालयातून निर्दोष सुटला.

न्यायही पुरता मिळाला नाही. कैदेतील वर्षे ड्रेफस यांच्या सेवाज्येष्ठतेत धरली गेली नाहीत, त्यामुळे पुढील बढतीचा मार्ग खुंटला. ऑक्टोबर १९०६ पासून स्वतः पिकार युद्धमंत्री होते, तरी ही तूट भरून निघाली नाही. १९०७ मध्ये ड्रेफस निवृत्त झाले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ५४ वर्षांचा हा माणूस पुन्हा सैन्यात रुजू झाला. १२ जुलै १९३५ रोजी, निर्दोषत्वाच्या निकालानंतर बरोबर २९ वर्षांनी, त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

पुढे काय उरले

या प्रकरणानंतर प्रजासत्ताकवादी पक्षांची सत्ता बळकट झाली आणि लष्करावर नागरी शासनाचे नियंत्रण घट्ट झाले. काही धर्मसंघांच्या वृत्तपत्रांनी ड्रेफसविरुद्ध विखारी प्रचार केला होता. त्यांच्याविरुद्धच्या प्रतिक्रियेने, धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत करणाऱ्या डिसेंबर १९०५ च्या कायद्याची वाट सुकर केली. आजच्या फ्रान्सची धर्मनिरपेक्षता याच कायद्यावर उभी आहे. अगदी ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यतही या वादाशी जोडलेली आहे. ड्रेफस यांची बाजू घेणाऱ्या ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकावर रुष्ट झालेल्या उद्योगपतींनी प्रतिस्पर्धी दैनिक काढले आणि त्या दैनिकाने खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये ही शर्यत सुरू केली.

द्वेष मात्र संपला नाही. १९४० मध्ये जर्मनीपुढे शरण गेलेल्या व्हिशी सरकारने ज्यूविरोधी कायदे केले. ड्रेफस यांची नात मादलेन लेव्ही प्रतिकार चळवळीत होती. तिला पकडून आउशवित्झला पाठवण्यात आले आणि जानेवारी १९४४ मध्ये तेथे तिचा अंत झाला. फ्रेंच लष्कराच्या वतीने ड्रेफस यांचे निर्दोषत्व जाहीरपणे मान्य केले गेले ते १९९५ मध्ये. २०२५ मध्ये फ्रेंच संसदेने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा देण्याचे विधेयक मंजूर केले. ज्येष्ठतेतील जी वर्षे १९०६ मध्ये नाकारली गेली, त्यांची भरपाई एकशे एकोणीस वर्षांनी झाली.

ड्रेफस यांनी स्वतः १९०१ मध्ये आपल्या कैदेची हकिकत ग्रंथरूपाने लिहिली. वाचणाऱ्याला आश्चर्य वाटते ते तिच्यातील संयमाचे. ज्या सैन्याने त्यांना उद्ध्वस्त केले, त्याविषयीचा त्यांचा आदर तीत कोठेही ढळत नाही. आपल्याविरुद्ध कट रचला गेला, हे मान्य करणे त्यांना फार काळ जड गेले. वरिष्ठांचा गैरसमज झाला आहे आणि खरे कळताच ते चूक सुधारतील, या श्रद्धेवर त्यांनी ते बेट सोसले.

ती श्रद्धा वरिष्ठांनी फोल ठरवली. ती काही अंशी सार्थ केली ती ड्रेफस यांच्याशी कसलेही नाते नसलेल्या माणसांनी. ज्यूंविषयी आपुलकी नसूनही हस्ताक्षर जुळताच पिकार गप्प बसले नाहीत. झोला यांनी कधी न भेटलेल्या माणसासाठी कीर्ती पणाला लावली, झोरेस यांनी आपले आधीचे मत बदलले, तर क्विन्ये यांनी आपल्याच पक्षाला अडचणीत आणणारी गोष्ट मंत्र्यांपुढे ठेवली. त्यांच्यापैकी कोणीही निर्दोष वा आदर्श पुरुष नव्हता. आपल्यासमोरच्या कागदावर जे दिसते ते तसेच सांगायचे, एवढे एक कर्तव्य त्यांनी पाळले. एका माणसाला न्याय मिळायला तेवढे पुरे पडले. मात्र त्यासाठी बारा वर्षे लागली.